मुलाचे पाय पाळण्यात दिसतात काय?

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. माणूस पुढे काय होणार याची चिन्हे त्याच्या अगदी लहानपणीच ओळखू येतात, असा तिचा रूढ अर्थ. एखाद्या कर्तबगार पुरुषाच्या बालपणीची गोष्ट सांगून झाली की सांगणारा ही म्हण उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात असा समज राहून जातो की, जे काही असावयाचे ते मूल जन्मताना बरोबर घेऊनच येते. आपण फक्त पाळण्यात डोकावून पाहावयाचे. गेल्या दीडशे वर्षांत बालमानसशास्त्राने जे ज्ञान मिळविले आहे, त्याच्या उजेडात ही म्हण तपासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. पाळण्यात पाय दिसतात हे खरे. परंतु ते पाय कोणत्या वाटेला लागतील, हे पाळण्याजवळ कोण आहे, ते माणूस मुलाशी काय बोलते आणि किती दिवस त्याच्याजवळ टिकते, यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला एक वेगळीच धार आहे. वसंत व्याख्यानांचे दिवस म्हणजे चैत्राच्या आगेमागचे दिवस. याच दिवसांत आपल्या रस्त्यांवरून ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या परत येताना दिसतात. वर पत्र्याची पेटी, चूलभांडी, शेळी, कोंबड्या आणि या सगळ्यांच्या मधोमध एखादे पोर मांडीवर घेऊन बसलेली बाई. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, तेव्हा बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील आणि एकूणच जिल्ह्यातील फार मोठा कष्टकरी वर्ग पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. हिशेबाच्या या भाषेत मूल कोठेच नाही. मोजदादीत नसलेल्या या मुलाविषयी शास्त्र काय सांगते, हे समजून घेणे आपल्या जिल्ह्यातील सुशिक्षित नागरिकाला अगत्याचे आहे.

मूल पाहण्याचे शास्त्र

मुलाकडे टक लावून पाहणारी आजी प्रत्येक घरात होती आणि आहे. बाळाने मान केव्हा धरली, पालथे केव्हा पडले, पहिला शब्द कोणता काढला, हे तिला तोंडपाठ असते. शास्त्राने त्यात दोन गोष्टींची भर घातली. पाहिलेले लिहून ठेवावयाचे, आणि एका मुलाचे दुसऱ्या मुलांशी ताडून पाहावयाचे. उत्क्रांतिवादाचा प्रणेता चार्ल्स डार्विन याने आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणी टिपणे करून ठेवली होती. ती १८७७ साली प्रसिद्ध झाली. पुढे १८८२ साली विल्हेल्म प्रायर या शास्त्रज्ञाचा बालमनावरील ग्रंथ जर्मन भाषेत निघाला आणि बालमानसशास्त्र हे स्वतंत्र शास्त्र आहे, असे मानले जाऊ लागले. विसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या झां पियाजे याने आपल्याच तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवून दिले की, मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच निराळी असते आणि ती पायरीपायरीने बदलत जाते.

याचे एक साधे उदाहरण घेऊ. पाच महिन्यांच्या बाळासमोरचा खुळखुळा फडक्याखाली लपविला, तर ते बहुधा त्याचा शोध घेत नाही. आठ-नऊ महिन्यांचे बाळ फडके ओढून खुळखुळा काढते. नजरेआड झालेली वस्तू जगात शिल्लक असते, ही समज आता त्याच्या वागण्यात उतरलेली असते. पदराआड तोंड लपवून ‘कुक’ करण्याच्या आपल्या खेळात बाळ याच वयात खदखदून का हसते, याचा उलगडा येथे होतो. परंतु याच समजुतीची दुसरी बाजूही आहे. जी वस्तू नजरेआड असूनही असते, तिची वाट पाहता येते. आई दिसत नाही, तरी ती कोठेतरी आहे, हे कळू लागले की तिच्यासाठी रडणेही सुरू होते. परक्या माणसाला पाहून मूल बुजते, आईचा पदर सोडत नाही, ते याच सुमारास. आपण त्याला ‘माणूस ओळखायला लागले’ असे म्हणतो. हे वय लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मेंदूची घडण

जन्मलेल्या मुलाचा मेंदू साधारणपणे ३५० ते ४०० ग्रॅम वजनाचा असतो. मोठ्या माणसाचा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. दोन वर्षांचे होईतो मुलाच्या मेंदूची वाढ मोठ्याच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत पोचते, आणि पाच-सहा वर्षांत ती नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. शरीराचा दुसरा कोणताही मोठा अवयव इतक्या झपाट्याने वाढत नाही. म्हणूनच गर्भारपण आणि पहिली दोन वर्षे या काळात आईच्या व मुलाच्या पोटात काय पडते, याला एवढे महत्त्व आहे.

पण वजनापेक्षा आतली जुळणी महत्त्वाची. मेंदूतील पेशी एकमेकींना धाग्यांनी जोडलेल्या असतात. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत हे जोड गरजेपेक्षा कितीतरी अधिक निर्माण होतात; मग जे वापरात येतात ते पक्के होतात आणि जे वापरात येत नाहीत ते गळून जातात. दाट पेरलेल्या बाजरीची विरळणी करावी, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की, येथे कोणते रोप ठेवावयाचे हे मुलाचा रोजचा अनुभव ठरवितो.

याचे प्रत्यंतर देणारा एक प्रयोग आपल्या भाषेच्या अगदी जवळचा आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी तो १९८४ साली प्रसिद्ध केला. ‘ट’ आणि ‘त’ हे दोन उच्चार आपल्याला अगदी भिन्न वाटतात. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला मात्र त्यांतला भेद सहसा ऐकूच येत नाही. या शास्त्रज्ञांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना हिंदी भाषेतील ‘ट’ आणि ‘त’ ऐकविले. उच्चार बदलला की मुलाने मान वळवावयाची आणि मान वळविली की त्याला एक गमतीचे खेळणे दिसावयाचे, अशी योजना होती. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी बहुतेकांनी हा भेद बिनचूक ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. म्हणजे मूल जगातील कोणतीही भाषा शिकण्याची तयारी घेऊन येते; आणि वर्षाच्या आत, घरात जी भाषा कानांवर पडते तिच्याच उच्चारांना त्याचा कान सरावतो. आपले बाळ अजून एक शब्दही बोललेले नसते, तेव्हाच त्याच्या कानात मराठी बसू लागलेली असते. ‘त्याला काय कळतंय’ असे म्हणून जे घर तान्ह्या मुलाशी बोलत नाही, ते ऐन पेरणीचा वाफसा वाया घालविते.

बोलाला बोल

मात्र कानांवर शब्द पडणे एवढ्यानेच भागत नाही. मुलाला देवघेव हवी असते. बाळ हुंकार देते, आई त्याला उत्तर देते. बाळ हसते, आई हसते. बाळ वर कावळ्याकडे पाहते, आई म्हणते, ‘काऊ आला बरं का.’ ही देवघेव दिवसातून शेकडो वेळा होते आणि तिच्यातूनच मूल शिकते की, आपण काही केले तर जग उत्तर देते.

ही देवघेव थांबली तर काय होते, हे अमेरिकेतील एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दिसून आले. आईने आधी काही वेळ बाळाशी नेहमीप्रमाणे खेळावयाचे. मग दोन-तीन मिनिटे चेहरा दगडासारखा ठेवून नुसते बाळाकडे पाहत राहावयाचे. बाळ प्रथम हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. उत्तर येत नाही असे दिसल्यावर ते कष्टी होते आणि शेवटी तोंड फिरवून घेते. आई समोर होती; तिने मारले नव्हते, रागावलीही नव्हती. केवळ उत्तर मिळाले नाही, एवढ्यानेच त्या इवल्या जिवाची दशा झाली.

आपल्या जुन्या घरांत या देवघेवीची सोय आपोआप होत असे. टाळू भरताना आजीची चाललेली बडबड, तळहातावर दाणे ठेवल्यासारखे करून पक्ष्याला बोलावण्याचे खेळ, पायांवर घेऊन केलेले झोके, अंगाईचा तोच तोच सूर, या सगळ्यांत बोलाला बोल आणि हाताला हात होता. बाळंतिणीच्या खोलीतील ते रिकामपणचे चाळे नव्हते. मानवी मेंदू घडविणारे ते पहिले विद्यापीठ होते.

येथे शहरातील पालकांनी एक गोष्ट स्वतःशी ताडून पाहावी. मुलाला मांडीवर घेऊन आपण मोबाईलच्या पडद्यात डोके घालून बसतो, तेव्हा आपला चेहराही त्याच्यापुरता दगडाचाच झालेला असतो. जेवताना मूल गप्प बसावे म्हणून त्याच्या हाती तोच पडदा देतो, तेव्हा चित्रे हलतात, आवाज होतो. पण मुलाच्या हुंकाराला उत्तर मिळत नाही. फडातील मुलाला देवघेव मिळत नाही, कारण त्याची आई राबत असते. बंगल्यातील मुलाला ती मिळत नसेल, तर त्याला कोणते कारण सांगावे?

एका माणसाचा आधार

देवघेव कोणाशी होते, हा पुढचा प्रश्न. रेने स्पिट्झ या डॉक्टरांनी १९४५ साली दोन संस्थांतील तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एक होता अनाथ अर्भकांचा आश्रम. तेथे स्वच्छता चोख, खाणे बरे; परंतु एकेका दाईकडे आठ-आठ मुले. दुसरी जागा होती तुरुंगातील बालगृहाची, जेथे शिक्षा भोगणाऱ्या माता आपापली मुले स्वतः सांभाळीत. तुरुंगातील मुले वाढत होती, बोलत होती. आश्रमातील मुलांची वाढ खुंटली होती. पुढे १९५१ साली जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात हेच सूत्र मांडले की, मुलाला दुधाइतकीच एका स्थिर, प्रेमळ माणसाची गरज असते. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आफ्रिकेतील युगांडामध्ये २६ शेतकरी कुटुंबांतील तान्ही मुले घरोघर जाऊन पाहिली. त्यांना असे आढळले की, आई जवळ असली की मूल धीटपणे लांबवर रांगत जाते, वस्तू हाताळते आणि मधूनमधून वळून आईकडे पाहते. आई ही त्याची खुंटी असते. खुंटी पक्की असली की दावे लांब सुटते.

या विचारात एक अतिरेकही शिरला होता. सगळा भार एकट्या आईवर टाकला गेला, आणि कामाला जाणारी प्रत्येक स्त्री अपराधी ठरू लागली. मायकेल रटर यांनी १९७२ साली या सिद्धान्ताची फेरतपासणी करून दाखविले की, मुलाचे नाते आईप्रमाणेच बाप, आजी, आजोबा, मावशी यांच्याशीही जडते. माणसे दोन-चार असली तरी चालतात. मात्र ती ओळखीची, टिकणारी आणि मुलाच्या हाकेला ओ देणारी असली पाहिजेत. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटवून द्यावयास नको.

वियोग झाला तर मुलाच्या मनात काय घडते? लंडनच्या जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात एकटे ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले आणि १९५२ साली एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. प्रथम मूल आकांत करते. मग ते निपचित, उदास होते. त्यानंतर ते शांत झाल्यासारखे दिसते, खाते-पिते, आणि लोक म्हणतात, रुळले बिचारे. परंतु आई परत येते तेव्हा ते तिच्याकडे जात नाही, तोंड फिरविते. ही विस्मृती नव्हे. दुखावलेल्या मनाने घातलेले ते दार असते. ऊसतोडीहून परतलेल्या आईला असा अनुभव आला, तर ‘पोरगं मला विसरलं’ म्हणून तिने खचू नये. धीराने, रोज थोडे थोडे, त्याच्या कलाने घेतले तर ते दार उघडते. मध्यंतरी ते आजीला चिकटले असेल, तर ते नाते एकदम तोडू नये.

वेळेवर आधार मिळाला, तर झालेली हानीही बरीच भरून निघते. रुमानियाच्या बुखारेस्ट शहरात २००० सालानंतर एक अभ्यास झाला. अनाथगृहांतील ६ ते ३१ महिन्यांच्या १३६ मुलांपैकी निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी व भावना संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगल्या फुलल्या. आणि साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, त्यांना अधिक लाभ झाला. तात्पर्य, उशीर महाग पडतो. पण दार कायमचे कधीच बंद होत नाही.

कोयत्याबरोबर जाणारे मूल

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कोयत्यावर जाणाऱ्या आईबापांपुढे दोनच वाटा असतात: मूल बरोबर न्यावे, किंवा गावी आजी-आजोबांपाशी ठेवावे.

बरोबर नेले, तर मुलाची खुंटी त्याच्याबरोबर राहते. हा मोठाच लाभ आहे. परंतु भल्या पहाटे, थंडीत, आई फडात उतरते. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून गाडी भरणे यांत तिचा दिवस जातो. गाडी रात्री आली तर रात्रही जाते. मूल फडाच्या कडेला झोळीत असते, नाही तर तळावरच्या कोपीत. झोळी वाईट नव्हे; आईच्या जुन्या लुगड्याची झोळी हा मुलाचा सर्वांत मऊ पाळणा आहे. पण त्या झोळीतून निघालेल्या हुंकाराला तासन्‌तास ओ मिळत नाही, ही खरी उणीव. धूळ, धूर, वाहनांची ये-जा, वेळीअवेळी खाणे आणि चुकणाऱ्या लशी, या आणखी वेगळ्या.

झोळीची दोरी बहुधा एखाद्या सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हाती असते. ती भावाला सांभाळते, म्हणून तिची शाळा सुटते. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली आढळल्या, तेथे जन्मास आलेल्या मुलीचे बालपण तरी तिच्या वाट्याला यावे. मूल सांभाळणारे मूल हेही मूलच असते.

गावी ठेवले, तर घर, अंगण, अंगणवाडी आणि आपली माणसे मिळतात. परंतु पाच-सहा महिने आईबाप दिसत नाहीत; आणि मूल सहा महिने ते तीन वर्षे या वयात असले, तर वियोगाचा घाव सर्वांत खोल जातो, हे वर पाहिलेच. आजी धडधाकट असली, तिच्यापाशी एक-दोनच नातवंडे असली, तर मूल सावरते. थकलेल्या म्हातारीच्या गळ्यात पाच-सहा पोरे पडली, तर तिची माया कितीही असली तरी हात दोनच असतात.

शाळेच्या वयाच्या मुलांसाठी पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. पुढे गावीच हंगामी वसतिगृहांची योजना आली. या दोन्ही सोयी शाळकरी मुलांच्या. ज्या वयात मेंदूची घडण सर्वांत वेगाने होते, त्या सहा वर्षांखालील मुलाचा प्रश्न यांत सुटत नाही.

शाळा मुलाकडे जाते

हा प्रश्न जगात प्रथमच उपस्थित झालेला नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले, ते मजुरांच्याच मुलांसाठी. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली ही मुले इमारतीची नासधूस करीत, म्हणून घरमालकांना त्यांची सोय हवी होती. त्या ‘उनाड’ पोरांची एकाग्रता पाहून मॉन्टेसरीबाईंची शिक्षणपद्धती जन्मास आली. पुढे १९३९ ते १९४६ या काळात त्या स्वतः भारतात होत्या.

तोच विचार आपल्या मातीत रुजविला तो ताराबाई मोडक यांनी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरातील काम सोडून १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले गावातल्या बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन मांडली. अंगणवाडीची कल्पना ती हीच. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे मुले गुरे राखावयास रानात जात, तेव्हा शिक्षकच गुरांमागे कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ सुरू झाली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हा ताराबाई-अनुताईंचा धडा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. ज्या महाराष्ट्राने कुरणात शाळा नेली, त्याला ती फडात नेता येणार नाही, असे कोण म्हणेल?

हे काम खर्चाचेही नाही. जमैका बेटाच्या राजधानीत १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ गरीब मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. काही घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे आईला दाखवीत. दोन वर्षांनी भेटी थांबल्या. सुमारे वीस वर्षांनी पाहिले, तेव्हा ही मुले तशाच स्थितीतील इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमवीत होती. ज्यांना केवळ पूरक आहार दिला होता, त्यांच्यात असा दीर्घकाळचा लाभ टिकलेला दिसला नाही. आहार हवाच, पण आहाराबरोबर बोल हवा.

आपल्या हाती काय आहे

पहिली गोष्ट, तळावर पाळणाघर. रोजगार हमीच्या कायद्यात अशी तरतूद आहे की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर कामावरच्याच एका स्त्रीला मजुरी देऊन मुलांजवळ बसवावे. हाच न्याय ऊसतोडीच्या तळाला लावावा. टोळीतील एखाद्या प्रौढ बाईला, मुलांना जी ओळखीची आहे अशा बाईला, पूर्ण मजुरी मिळाली, तर झोळीतल्या मुलाला ओ मिळेल आणि बहिणीची शाळा वाचेल. तोडणारा मजूर मुकादमाच्या उचलीवर येतो, कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते, ही सबब मोठ्यांच्या हिशेबातील आहे. मुलाला ती लागू होत नाही.

दुसरी गोष्ट, ज्या गावच्या शिवारात तळ पडतो, तेथील अंगणवाडीत या मुलांना हक्काने जागा, आहार आणि लस मिळावी. निघण्यापूर्वी आईच्या हाती लसीकरणाचे कार्ड आहे ना, एवढे गावातील शिकलेल्या माणसाने पाहिले तरी पुष्कळ झाले.

तिसरी गोष्ट, मूल मागे ठेवावयाचेच असेल, तर ते चोरून ठेवू नये. झोपेत सोडून गेलेली आई मुलाला फसवून गेलेली वाटते. ज्याच्यापाशी राहावयाचे, त्याच्या अंगाखांद्यावर ते आधी महिनाभर रुळू द्यावे. आईचे एखादे लुगडे त्याच्या पांघरुणात असावे. रोज ठराविक वेळी फोनवर आईने त्याचे नाव घेऊन बोलावे आणि केव्हा येणार ते खरे सांगावे.

चौथी गोष्ट प्रत्येक घराची, मग ते कोपीचे असो की माडीचे. जुने सुभाषित सांगते की, पाच वर्षे मुलाचे लाड करावेत आणि पुढची दहा वर्षे त्याला ताडन करावे. यातील पहिला अर्धा भाग शास्त्राला मान्य आहे. दुसऱ्याला त्याचा आधार नाही. माराने मूल भिते, शिकत नाही. आणि लाड म्हणजे वस्तू नव्हेत. कामावरून आलेल्या बापाने हातपाय धुऊन मुलाला मांडीवर घ्यावे, त्याच्या बोबड्या बोलाला उत्तर द्यावे, हा सर्वांत मोठा लाड. त्याला पैसा पडत नाही.

आपल्या चहातील साखरेमागे कोणाचे तरी अर्धे वर्ष असते, आणि तीन वर्षांच्या मुलाचे अर्धे वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. टोळ्या आता परतल्या आहेत. दसऱ्याला त्या पुन्हा निघतील; मध्ये सहा महिने आहेत. आपापल्या ओळखीच्या मुकादमाशी, कारखान्याच्या संचालकाशी, अंगणवाडीच्या ताईशी बोलण्यास एवढा अवधी पुरेसा आहे. पाळण्यात पाय दिसतात, ते सर्वांचेच सारखे दिसतात. पुढच्या हंगामात ते कोणाच्या नजरेखाली असतील, एवढेच ठरवावयाचे राहिले आहे.